मालकाचा पत्ता

आमच्या जिन्याच्या तोंडाशी नानांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली एक पाटी अजून आहे. 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडेलच असे नाही.' नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. पाटीवरचा 'नाही' उन्हानं उडून गेलाय, त्यामुळे आता ती पाटी 'वाजवल्यास दार उघडेलच असे' एवढंच म्हणते. त्यावरच विश्वास ठेवून की काय, गेल्या मे महिन्यात भर अडीच वाजता एका माणसानं बेल वाजवली.

दार आईंनी उघडलं. सासूबाई शहाऐंशीच्या आहेत, दुपारच्या झोपेशी त्यांचं फारसं पटत नाही. पंख्याखाली बसून साखरांब्याच्या कैऱ्या किसत होत्या. मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. अर्धवट झोपेत कैरीचा आंबट वास आणि बाहेरचे आवाज एकत्र येत होते. "आजी, ह्या बाई इथंच राहत्यात का?" "कोण बाई?" मग त्या माणसानं अडखळत एक नाव वाचलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. इतकं पूर्ण नाव आमच्या घरात मतदानाच्या दिवशीच ऐकू येतं. आई म्हणाल्या, "मीच ती." बाहेर क्षणभर शांतता. आणि मग आई हातातल्या किसणीसकट माझ्या दारात उभ्या. "अगं, कोणीतरी आलंय. मी त्याचे चार लाख देणं लागते म्हणतोय."

बाहेर आले तर पंचेचाळिशीचा एक गृहस्थ पायपुसण्यावर उभा. बुटांसकट आत यायचं की नाही, हे त्याचं ठरलेलं नव्हतं. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात साड्यांच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, त्यात बिलं आणि डिलिव्हरी चलनं. नखांच्या कडांना आणि भुवयांत राखाडी भुकटी. पावडर कोटिंगचं जॉबवर्क करतो म्हणाला, चाकणच्या अलीकडे शेड आहे. आणि त्याच्या बोटांत चार घड्या घातलेला, घामानं मऊ पडलेला एक कागद होता. त्यावर आमच्या घराचा पत्ता होता, फ्लॅट नंबरापासून पिनकोडपर्यंत, आणि खाली संचालक म्हणून आईंचं नाव.

मला आधी राग आला, हे कबूल करते. त्याची अडचण कळायच्या आधीच आला. अनोळखी माणसाच्या हातात आपल्या घरातल्या म्हातारीचं नाव छापील असावं, तेही घामानं भिजलेल्या कागदावर, याचाच राग. "हा पत्ता तुम्हाला दिला कोणी?" मी विचारलं. स्वर नानांच्या पाटीचाच असणार. तो म्हणाला, "कुणी नाय ताई. भाच्यानं मोबाइलवर काढला. सरकारच्याच साइटवर हाय."

ते खरंच होतं. पत्ता सरकारच्या साइटवर होता, आणि सरकारला तो आम्हीच दिला होता.

नानांचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, पावसाळ्यात गळणारं पत्र्याचं छप्पर. एका मोठ्या गिऱ्हाइकानं सुचवलं म्हणून १९८४ साली त्यांनी त्याची प्रायव्हेट लिमिटेड केली. त्यासाठी किमान दोन संचालक लागतात, दोन भागधारक लागतात. नाना एक. दुसरं कोण? घरात जे माणूस होतं ते. नोंदणीकृत कार्यालय म्हणून वर्कशॉपचा पत्ता देता आला असता, पण ती जागा भाड्याची. म्हणून घराचा दिला. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात नाना कागदांची चळत घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचे. जिथे आईंनी सही करायची तिथे शिसपेन्सिलीनं बारीक फुली. आई ओट्यावरून हात पुसत यायच्या, फुल्यांवर सह्या करायच्या आणि परत जायच्या. मग ते कागद नाना स्वतः डेक्कनला पीएमटीच्या इमारतीत, तेव्हाच्या कंपनी निबंधक कार्यालयात नेऊन द्यायचे आणि येताना न चुकता बाकरवडी आणायचे. आईंच्या लेखी कंपनीचं संचालकपद म्हणजे वर्षातून एकदा बाकरवडी.

ते कागद तेव्हाही कोणालाही बघता येत होते. १९५६ च्या कंपनी कायद्यातही ठरावीक शुल्क भरून निबंधकाकडची कागदपत्रं पाहायची सोय होती. पण त्यासाठी डेक्कनला जायचं, अर्ज करायचा, कारकुनाची जेवणाची सुट्टी संपायची वाट बघायची, धुळीनं शिंकायचं. इतके कष्ट करून कोण बघणार होतं आमच्या आईंचं नाव? म्हणजे माहिती उघडीच होती, फक्त तिच्यापर्यंत पोचायला जिना चढायला लागायचा. २००६ च्या सुमारास हे सगळं संगणकावर गेलं, पुढे कार्यालयही आकुर्डीला गेलं. जिना कधी नाहीसा झाला ते आमच्या लक्षातही आलं नाही.

२०११ मध्ये नानांनी मशीनं विकली. कंपनी मात्र बंद केली नाही, नुसती सोडून दिली. रीतसर बंद करायला पैसे आणि सीए लागतो, आणि नानांना वाटायचं की आपण फुल्या मारायच्या थांबलो म्हणजे कंपनी आपोआप थांबली. २०१७ च्या सप्टेंबरात ती अशी उगवली. सरकारनं दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं रजिस्टरमधून काढली, आणि सलग तीन वर्षं विवरणपत्रं न भरणाऱ्या कंपन्यांचे संचालक अपात्र ठरवून त्यांच्या याद्या केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाकल्या. तीन लाखांहून अधिक नावं. त्यांत एक आमच्या आईंचं. आम्हाला कळलं तेही एका शेजाऱ्यांकडून. ते निवृत्त ऑडिटर, दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच त्यांचा विरंगुळा. सकाळी दूध घ्यायला गेले तर म्हणाले, "तुमच्या सासूबाई डिसक्वालिफाय झाल्या बरं का." मी घरी येऊन आईंना सांगितलं, तुम्हाला सरकारनं पाच वर्षांसाठी संचालक व्हायला अपात्र ठरवलंय. त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "मी पात्र कधी होते?"

यातला योगायोग मला पुष्कळ उशिरा जाणवला. त्याआधी काही आठवडेच, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं होतं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. ते प्रकरण न्यायालयात नेणारे पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायमूर्ती, तेव्हा नव्वदी ओलांडलेले. त्या दिवशी बँकेत आमच्या विभागात पेढे वाटले नव्हते, पण एक उत्साही सहकारी निकालातले परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवत होता आणि आम्ही माना डोलावत होतो. डोलावता डोलावता गिऱ्हाइकांच्या पॅनकार्डाच्या झेरॉक्सवर शिक्के मारत होतो.

त्या माणसाला मी शेवटी आत घेतलं. आईंनीच घेतलं, खरं तर. "उन्हाचा आलाय, पन्हं तरी घेऊ दे." पेला एका दमात रिकामा करून तो कागद टेबलावर पसरून बसला, नाना बसायचे त्याच खुर्चीवर. पाच मिनिटांत उलगडा झाला. त्याचे पैसे बुडवणारी कंपनी वेगळी होती. पहिला शब्द एकच, देवाचं नाव. आमची 'इंजिनिअरिंग', ती 'इंजिनिअर्स'. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात त्या देवाच्या नावावर किती शेड असतील ते त्यालाच ठाऊक. भाच्याच्या मोबाइलवर आमची आधी दिसली. मी त्याला दाखवलं, हे बघा, इथे स्वच्छ 'स्ट्राइक ऑफ' लिहिलंय, ही कंपनी कधीच मेली. तो शांतपणे म्हणाला, "त्ये वाचलं होतं ताई. पर बुडवायचं आसलं की आसंच करत्यात ना."

मग मीच लॅपटॉप उघडला. ही तीस वर्षांच्या कर्ज विभागाची खोड. कोणाची कंपनी, कोण संचालक, कुठे तारण, हे उकरणं हेच माझं काम होतं, आणि निवृत्तीनंतर कोणी असं कोडं घालत नाही. कंपनीचं नाव, स्थापनेची तारीख, भांडवल, पत्ता एवढं तर फुकटच दिसतं. आतली कागदपत्रं उघडायला शंभर रुपये, तीन तासांसाठी. शंभर रुपये त्यानं आधी टेबलावर ठेवले. मी नको म्हटलं तर उचलायला तयार नाही. खरी कंपनी सापडली. भरणा झालेलं भांडवल एक लाख. कार्यालय बाणेरला, म्हणजे ज्या पत्त्यावर टेबलखुर्ची तासाच्या भाड्यानं मिळते आणि स्वागतिका अनेक कंपन्यांच्या नावानं फोन उचलते तसल्या एका मजल्यावर. दहा हजार शेअर. त्यांतले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव मुंबईच्या दुसऱ्या एका कंपनीकडे, आणि एक शेअर एका माणसाच्या नावावर, कारण भागधारक दोन लागतात. (सगळी दुनिया या 'दोन लागतात'मुळेच अडचणीत येते.) मुंबईच्या कंपनीचे आणखी शंभर मी माझे भरले. तिचे मालक दोन एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्था. "आनि त्यांचं मालक?" तो म्हणाला. मी म्हटलं, अजून खाली जाता येईल, बघू का? त्यानं मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. कांदाच हाय ह्यो."

तेवढ्यात खाली सरकवता सरकवता त्या एक शेअरवाल्या माणसाचा कागद उघडला. तोच संचालकही होता. त्याची संमती, सही, आणि घरचा पत्ता. पर्वतीच्या पायथ्याची वस्ती, खोली नंबर, आणि मग 'किराणा दुकानाच्या मागे'. कंपन्यांच्या कागदात 'किराणा दुकानाच्या मागे' असं मी तीस वर्षांत वाचलं नव्हतं. सही सावकाश केलेली, अक्षर अक्षर सुटं. आणि सहीच्या डाव्या अंगाला, स्कॅनमध्येही दिसणारी, पुसट फुली.

मी पान वर सरकवलं.

नीट विचार करून नाही. ताटात माशी पडलेली दिसली की आपण ताट पाहुण्यापासून जरा वळवतो, तसं. तो म्हणाला, "ताई, त्यात पत्ता हुता का?" मी म्हटलं, "बाणेरचाच आहे. आणि तुम्ही असं दारोदार फिरू नका, सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचा कायदा आहे, तिथे ऑनलाइन तक्रार करा." कायद्याचं सगळं खरं होतं, उपयोगाचंही होतं. मी त्याला ते कागदावर लिहून दिलं. तो गेला. आणि तेव्हापासून ती एक सेकंदाची सरकवासरकव माझ्या मनात अडकून बसली. मी लपवलं ते कोणासाठी? त्या किराणा दुकानामागच्या माणसासाठी, की आमच्या आईंसाठी? आणि मी कोण लपवणारी? ज्याचे चार लाख बुडालेत त्याला जे बघायचा हक्क कायद्यानं दिलाय, तो मी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून काढून घेतला होता.

माझं आजोळ सासवडच्या बाजूचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गेलो की चावडीच्या भिंतीवरचे कागद वाचणं हा आमचा खेळ होता, कारण वाचायला दुसरं काही नसायचंच. फेरफाराच्या नोटिसा. अमक्याची जमीन तमक्यानं घेतली, हरकत असेल तर सांगा. गावात कोणाचा गट किती आर आणि बांध कोणाच्या बाभळीशी वळतो, हे सातबाऱ्यावर होतंच, पण त्याआधी ते तोंडी असायचं. आजोबांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा होता. मी सात-आठ वर्षांची असेन, विहिरीवर एका मुलीनं भांडताना मला सुनावलं, "तुमच्या जमिनीवर बोजा हाय." मला वाटलं खरोखरच काहीतरी जड ठेवलंय कोणीतरी. रानात जाऊन बघून आले. आजोबांना विचारलं तेव्हा ते इतके ओशाळले की मला आजही त्यांचा चेहरा आठवतो. उघड्या कागदाची झळ ही अशी असते, ती मी लहानपणी पाहिलेली आहे. म्हणून 'लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला' असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे आजोबा येतात. त्यांनी लपवण्यासारखं काय केलं होतं? बैल घेतला होता.

पण त्याच सातबाऱ्यामुळे आजोबांच्या पाठच्या बहिणीला तिचा वाटा मिळाला, हेही खरं. हक्कसोड न करता तिचं नाव परस्पर गाळलं गेलं होतं. भिंतीवरची नोटीस कोणीतरी वाचली, तिच्या सासरी निरोप धाडला, आणि ती बैलगाडीनं येऊन हरकत घेऊन गेली. आता त्याच गावात टेकडीच्या अंगाची जमीन बिगरशेती होऊन विकली गेलीय. सातबारा आता मोबाइलवर दिसतो. मामेभावानं दाखवला. मालकाच्या रकान्यात कुठल्याशा प्रायव्हेट लिमिटेडचं नाव. "कोण आहेत हे?" मी विचारलं. तो म्हणाला, "काय म्हाईत. कुंपण घालाय आलेला पोरगा तेवढा वळखीचा झालाय." पिढ्यानपिढ्या ज्या कागदानं गावाला मालक सांगितला, तो कागद आता कंपनीच्या नावाशी येऊन थांबतो. आजोबांचा बैल अजूनही दिसेल त्यात. टेकडीचा मालक दिसत नाही.

कंपनी म्हणजे मालकापेक्षा वेगळी व्यक्ती, हे ज्या खटल्यानं पक्कं केलं तो १८९६ चा, लंडनमधला. सॉलोमन नावाचा बुटांचा कारखानदार. बँकेच्या परीक्षेसाठी आम्ही तो पाठ केला होता. तेव्हा सात भागधारक लागायचे, म्हणून त्यानं बायको आणि पाच मुलांना एकेक शेअर दिला आणि बाकीचे वीस हजारांवर स्वतःकडे ठेवले. धंदा बुडाला, ज्यांचे पैसे अडकले ते दारात आले, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं की कंपनीचं देणं हे सॉलोमनचं देणं नव्हे. तिथून पुढे जगभर जे काही उभं राहिलं, कारखाने, बँका, आमची भोसरीची दोन लेथसुद्धा, ते त्या पडद्याच्या आडोशानं. परीक्षेत मला त्यावर पूर्ण गुण होते. पण त्या एक शेअरवाल्या बायकोबद्दल पुस्तकात एक ओळ नव्हती. तिच्यापुढेही कोणी फुली मारलेला कागद सरकवला असेल का?

त्या आठवड्यात मी रात्री जागून पुष्कळ वाचलं. युरोपात याच प्रश्नावर मोठा निकाल झालेला आहे. तिथे २०१८ मध्ये ठरलं होतं की कंपनीच्या मागचा खरा लाभार्थी मालक कोण, याची नोंदवही कोणत्याही सामान्य नागरिकाला बघता यावी. लक्झेंबर्गच्या एका मालकानं तक्रार केली की आपल्याला अस्थिर देशांतून प्रवास करावा लागतो, नाव असं उघडं राहिलं तर अपहरणाची भीती आहे. २२ नोव्हेंबर २०२२ ला युरोपीय न्यायालयानं ती सरसकट उघडीक रद्द केली. खासगी आयुष्यात आणि वैयक्तिक माहितीत एवढा हस्तक्षेप गरजेपेक्षा जास्त आहे म्हणाले. लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्सनं आपल्या नोंदवह्या लगोलग बंद केल्या. पुढे २०२४ च्या नव्या नियमांनी पत्रकार आणि संस्थांसारख्या 'रास्त हितसंबंध' असलेल्यांना दार पुन्हा किलकिलं केलं. वाचताना मी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झाले. अपहरणाची भीती मला खोटी वाटली नाही. अडीच वाजताच्या बेलनंसुद्धा माझ्या पोटात गोळा आलाच होता. पण साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत बिलं घेऊन फिरणाऱ्या माणसानं आपला हितसंबंध रास्त आहे हे कोणत्या खिडकीवर, कोणत्या साहेबाला पटवून द्यायचं? आणि साहेब जेवायला गेलेला असेल तर?

आपल्याकडची गंमत मला जास्त बोचली, कारण ती मी टेबलावरच अनुभवली होती. आपल्या कायद्यातही खऱ्या मालकाचा शोध आहे. कंपनी कायद्याचं कलम ९०, आणि त्याखालचे २०१८ चे नियम. दहा टक्के किंवा जास्त लाभ ज्याच्याकडे जातो, मग तो कितीही कंपन्यांच्या आड असो, त्यानं पुढे येऊन कंपनीला कळवायचं. कंपनीनं त्याची नोंदवही ठेवायची. ती नोंदवही बघण्याचा हक्क कोणाला? कंपनीच्या सभासदाला. म्हणजे पावडर कोटिंगवाल्याला नाही. त्याला काय दिसतं? किराणा दुकानामागची खोली. बँकेत आम्हीही तो फॉर्म भरून घ्यायचो, 'लाभार्थी मालकाचे नाव'. किराणा-स्टेशनरीवाले निमूटपणे स्वतःचं नाव लिहायचे. मोठ्या गिऱ्हाइकांचा सीए मात्र एक आकृती आणायचा, चौकोन आणि बाण, चौकोनातून चौकोन. शेवटच्या चौकोनात नाव असायचं, पण तिथपर्यंत पोचेतो चारचा चहा यायचा.

खासगीपणाची ही ढाल कोणाच्या हातात शोभते, यावर माझं मत काही अगदी कोरं नाही. निवडणूक रोख्यांच्या वेळीही देणगीदाराचं खासगीपण हाच युक्तिवाद होता, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयानं ती योजना रद्द केल्यावर मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या तेव्हा त्यांत कंपन्याच कंपन्या होत्या. कंपनीला कसली आलीय लाज? लाज माणसाला असते. मर्यादित जबाबदारीचा फायदा समाजाकडून घ्यायचा आणि समाजानं नाव विचारलं की घराची कडी लावायची, हे मला पटत नाही. नाव सांगायलाच हवं. घराचा पत्ता ही वेगळी गोष्ट. ब्रिटनमध्ये प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या लोकांवर घरापर्यंत जाऊन हल्ले झाले होते, आणि २००९ पासून तिथे संचालकाचा राहता पत्ता लोकांसाठीच्या नोंदीत नसतो, पत्रव्यवहाराचा असतो. जन्मतारखेतला दिवस दाखवत नाहीत, महिना आणि वर्ष तेवढं. खऱ्या मालकाचं नाव मात्र २०१६ पासून कोणीही बघावं. आपल्याकडेही २०२२ पासून कंपनीकडच्या सभासदांच्या नोंदवहीतले पत्ते, ईमेल, पॅन पाहणी करणाऱ्याला दाखवायचे नाहीत असा नियम झालाय. चांगलं आहे. पण हे सगळं मी त्या दुपारी म्हणू शकले नसते, आणि म्हटलं असतं तरी त्या माणसाला त्यातून काय मिळालं असतं?

मध्यंतरी आमच्या सोसायटीची रीडेव्हलपमेंटची सभा झाली. कर्वे रस्त्याच्या या भागात आता आमचीच इमारत राहिलीय, असं सेक्रेटरी दर सभेत सांगतात. विकसकाचा तरुण अधिकारी सुंदर स्लाइड घेऊन आला होता. करार ज्या कंपनीशी होणार ती चार महिन्यांपूर्वी जन्मलेली, भांडवल एक लाख. मी उठून विचारलं, "हिचा मालक कोण?" तो हसून म्हणाला, "मॅडम, आमचा ग्रुप आहे ना." "ग्रुप सही करत नाही," मी म्हटलं, "माणूस करतो. त्याचं नाव." मागून ते निवृत्त ऑडिटर जोरात म्हणाले, "बरोबर आहे!" अधिकाऱ्यानं सांगितलं, ती माहिती गोपनीय असते, पण वरिष्ठांना विचारून कळवतो. अजून कळवलेलं नाही. आमच्या अठ्ठावीस जणांची नावं, क्षेत्रफळं, भाग-दाखले आणि आधारकार्डाच्या प्रती मात्र त्यांनी त्याच दिवशी गोळा करून नेल्या, आणि आम्ही रांग लावून दिल्या. मी तिसरी होते.

जूनच्या शेवटी त्या गृहस्थाचा फोन आला. पाऊस लागला होता, त्याच्या शेडच्या पत्र्यावरचा आवाज फोनमधून ऐकू येत होता. तक्रार दाखल केलीय म्हणाला, तुमच्या कागदाचा उपयोग झाला. मग म्हणाला, "ताई, त्या दुसऱ्या मान्साचा पत्ता पन गावला. भाच्यानं शंबर भरून काढला. पर्वतीला जाऊन आलो." मी काही बोलले नाही. "तुमच्याच फायलीत हुता की त्यो. तवाच दिला आसता तर माझं शंबर वाचलं आसतं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, हिशेब होता. माणूस टेम्पो चालवतो. घरी नव्हता, बायको होती. कंपनीचं नाव तिनं पहिल्यांदाच ऐकलं. नवरा कोणा साहेबांकडे कामाला होता तेव्हा आधारकार्ड नेलं होतं, एवढं तिला आठवत होतं.

"आणि मालक?" मी विचारलं.

"त्याचा काय पत्ता नाय."

फोन ठेवला तेव्हा आई समोर बसल्या होत्या. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, पण कोणाचा फोन होता ते त्यांनी बरोबर ओळखलं. मी सगळं सांगितलं. टेम्पो, आधारकार्ड, पर्वती. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "त्या बाईनं पाणीबिणी विचारलं का त्याला?"

ते मी विचारलंच नव्हतं.